पोपट आणि अनुस्वार

टीव्हीच्या दुकानात पोपट का असतो, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. खराखुरा पोपट म्हणत नाही मी, पडद्यावरचा. कुठल्याही दुकानात जा, भिंतीवर वीस-पंचवीस टीव्ही ओळीने टांगलेले असतात आणि त्यांतल्या निदान अर्ध्यांवर एक लाल-निळा-पिवळा पोपट मान वाकडी करून तुमच्याकडे बघत असतो. पोपट उडाला की मध ओघळतो. मध संपला की फुलांची शेतं येतात, आणि फुलं संपली की कुणीतरी पाण्यात निळी शाई सोडतं. दुकानातला मुलगा आपल्याकडे अशा नजरेने बघतो, की ही शाई त्यानेच सोडली असावी. माझं भांडण या पोपटाशी आहे. आमच्या घरी पोपट नाही. मध आहे, पण तो कुणाला खोकला झाला तरच कपाटातून निघतो. आमच्या घरी बायको आहे, आणि तिला वाचायचं आहे.

आमची ही पस्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली. निवृत्तीनंतर लोक काशीला जातात, ही प्रुफं तपासू लागली. ओळखीचे दोन-तीन प्रकाशक पुस्तकं पाठवत आणि ही लाल पेन घेऊन त्यांच्या ऱ्हस्व-दीर्घाचा समाचार घेई. मग डाव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याने दगा दिला. सरळ रेघ मधेच वाकलेली दिसू लागली. मराठीत तर प्रत्येक शब्दाच्या डोक्यावर एक सरळ रेघ! डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली, बिघाड थांबला, पण झालं ते झालं. आता उजव्या डोळ्याने दोघांचं काम करायचं. बारीक टाइपाची चार पानं वाचली की डोळ्याला पाणी येतं. कॉम्प्युटरवर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं हे खरं. पण आमचा पडदा साडेअठरा इंची. अक्षर तिला हवं तेवढं केलं, की ओळीत तीन शब्द मावतात. आणि मराठीत क्रियापद शेवटी येत असल्यामुळे कादंबरीतला माणूस मेला की वाचला, हे कळायला माउस तीनदा सरकवावा लागतो.

अशा वेळी आमच्या घरचा जुना टीव्ही आपणहून वारला. भाचा म्हणाला, "मामी, आता मोठा टीव्ही घ्या आणि कॉम्प्युटर त्यालाच जोडा. पिक्चरही बघा, प्रुफंही बघा." एका खर्चात दोन कामं! मध्यमवर्गीय माणसाला यापरता मोह नाही. मी लगेच होकार दिला. त्या होकारात क्रिकेटचा वाटा किती होता, ते विचारू नका.

मुहूर्त दसऱ्याचा काढला. २०२५ साली दसरा २ ऑक्टोबरला आला होता. १९७२ साली मुंबईचं दूरदर्शन केंद्र सुरू झालं, तोही दिवस २ ऑक्टोबरच. मी तेव्हा दादरच्या चाळीत बारा वर्षांचा होतो. चाळीत एका बिऱ्हाडाने टीव्ही घेतला, तेव्हा निवड करायचा प्रश्न आला नव्हता. ऐपत आहे की नाही एवढाच प्रश्न. तो लाकडी कपाटात बसे, त्याला सरकती दारं असत, दाराला कुलूप असे, आणि कुलपाची किल्ली गृहिणीच्या कमरेला असे. अख्खा मजला त्याच्यासमोर मांडी घालून बसे. चित्राला मुंग्या आल्या की एक जण गच्चीवर जाऊन अँटिना फिरवी आणि खालून सगळे "आलं! गेलं! आलं!" असं ओरडत. स्पष्ट चित्र म्हणजे काय, हे तेव्हा पोरालासुद्धा कळत होतं. आता ते कळायला अभ्यासक्रम लागतो.

अभ्यासक्रमाचा पहिला धडा म्हणजे इंच. टीव्हीचे इंच तिरके मोजतात, या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात. जगात दुसरी कोणती वस्तू अशी मोजतात? शिंप्याने डाव्या खांद्यापासून उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत टेप धरली तर आपण त्याला काय म्हणू? पण टीव्हीवाल्याला कुणी काही म्हणत नाही. त्रेचाळीस इंची टीव्ही प्रत्यक्षात साडेसदतीस इंच रुंद आणि एकवीस इंच उंच असतो. वर जे इंच उरतात, ते फक्त पावतीवर भरतात.

दुसरा धडा 'एचडी रेडी'. मला वाटायचं, रेडी म्हणजे तयार. भाजी निवडून, चिरून तयार असते तशी. तर तसं नाही. 'फुल एचडी' चित्रात आडवे १९२० आणि उभे १०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण वीस लाखांच्या वर. बहुतेक एचडी रेडी संचांवर ठिपके असतात १३६६ गुणिले ७६८, साडेदहा लाखांच्या आत. म्हणजे वीस लाखांचं पाहुणं येणार असेल, तर ते स्वीकारायची त्याची मनाची तयारी आहे. बसायला जागा निम्म्यांनाच आहे. लग्नाला 'रेडी' असलेले असे काही मुलगे आमच्या नात्यातही आहेत. पण त्यांच्या कपाळावर निदान तसा स्टिकर तरी लावलेला नसतो.

तिसरा धडा 'फोर-के'. तो मला मेहुण्यांनी दिला. ते नुकतेच पासष्ट इंची फोर-के घेऊन बसले होते. २२ सप्टेंबर २०२५पासून बत्तीस इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी अठ्ठावीस टक्क्यांवरून अठरावर आला, तेव्हा सरकारने सोडलेले दहा टक्के सरकारलाच परत मिळू नयेत म्हणून त्यांनी बारा इंच जास्त घेतले, असा त्यांचा हिशेब. "त्र्याऐंशी लाख ठिपके आहेत!" ते म्हणाले. ठिपके त्यांनी स्वतः घातल्यासारखा आवाज होता. पडद्यावर वहिनींची मालिका चालू होती. ती येत होती डिशच्या साध्या चॅनेलवरून, कारण एचडी चॅनेलला महिन्याला जास्त पैसे पडतात आणि मेहुणे ते देत नाहीत. साध्या चॅनेलच्या चित्रात ठिपके असतात जास्तीत जास्त सव्वाचार लाखांच्या आतबाहेर. उरलेले अठ्ठ्याहत्तर-एकोणऐंशी लाख ठिपके टीव्ही आपल्या कल्पनेने रंगवतो. नायिकेच्या गालावर त्याने काय काय कल्पना केली होती, ते वहिनींच्या भावना लक्षात घेऊन सांगत नाही.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. मी बँकेतला माणूस, हिशेब केल्याशिवाय मला झोप येत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरकडे तक्त्यातली '६/६'ची ओळ ज्याला वाचता येते, अशा निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाइतका तपशील वेगळा दिसतो. या मापाने त्रेचाळीस इंची फुल एचडी पडद्यावरचे ठिपके साडेपाच फुटांच्या पलीकडून वेगवेगळे दिसत नाहीत. पासष्ट इंचीचे साडेआठ फुटांच्या पलीकडून दिसत नाहीत. मेहुण्यांचा सोफा अकरा फुटांवर आहे! म्हणजे फोर-केचा जो काही फायदा आहे तो घ्यायचा, तर त्यांनी सोफा सोडून मधल्या टीपॉयवर बसायला हवं. मी हे त्यांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "तुमचे डोळे चाळिशीचे, म्हणून तुम्हांला दिसत नाही." आमची बोलाचाली पुढे चार दिवस थोडी कमी होती.

"तर आपण साधा फुल एचडी घ्यायचा," मी हिला विजयी मुद्रेने सांगितलं. हिने चष्मा पुसला आणि विचारलं, "अहो, पण मी अकरा फुटांवरून वाचणार आहे का?"

हा मुद्दा हिशेबात राहून गेला होता.

दुकानात जाताना हिने एक कागद तयार केला. भाच्याच्या लॅपटॉपवर टाइप करून घेतला. त्यावर फक्त शब्द होते: भांडे, भाडे, दंगा, दगा, रंग, रग, मांडी, माडी, चिंता, चिता. "ज्या टीव्हीवर हे नीट दिसेल, तो माझा," ही म्हणाली. मी, ही, आणि लॅपटॉप घेऊन भाचा, असे आम्ही तिघं मोठ्या दुकानात गेलो. एसी होता, पाणी विचारलं, "सर, बजेट काय आहे?" असंही विचारलं. कशासाठी हवा आहे, हे मात्र कुणी विचारलं नाही. भाच्याने लॅपटॉप जोडू का म्हटल्यावर त्या मुलाचा चेहरा पडला. "डेमो बंद करता येत नाही, मॅडम. कंपनीची परवानगी नाही." पोपट आमच्याकडे बघत होता. हिने पोपटाकडे बघितलं आणि म्हणाली, "याचं शेपूट किती छान दिसतंय याच्याशी मला काही कर्तव्य नाही. याच्या पोटात 'भांडे' लिहा आणि दाखवा."

हे सगळं मी गमतीने सांगतो आहे, पण त्या दिवशी हिचा आवाज थोडा कापरा झाला होता. मला तेव्हाच या सगळ्या प्रकाराचा राग आला आणि तो अजून गेलेला नाही. भिंतीवर चकाकणारा तो झगमगाट दुकानासाठी मुद्दाम चढवलेला असतो. उजेड पूर्ण, रंग भडक, कडा टोकदार, कारण वीस टीव्ही शेजारी शेजारी टांगले की भडक असेल त्याच्याकडे डोळा जातो. त्यात गैर काय, असं विचाराल. शेजारच्या दुकानात साडीही मोठ्या दिव्याखाली दाखवतात. पण साडीवाल्याला "जरा बाहेर उजेडात नेऊन बघते" म्हटलं, तर तो नेऊ देतो. टीव्हीवाल्याकडे बाहेर नेण्याची सोय नाही, आत आपलं काही लावून बघण्याचीही नाही. हजारो रुपये मोजायचे आणि परीक्षा मात्र त्यांच्याच पोपटावर घ्यायची! उत्तरपत्रिका विद्यार्थ्यानेच घरून लिहून आणायची, असा हा प्रकार.

"लोकांना हेच हवं असतं," असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. लोकांना काय हवं असतं? २०२०मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा ज्यांना जमलं त्यांनी मुलांच्या डोळ्यांसाठी मोबाईल टीव्हीला जोडून वर्ग भरवले. फळ्यावरचं गणित त्या पडद्यावर वाचायचं होतं. पेन्शनचा फॉर्म, डॉक्टरचा रिपोर्ट, नातवाने पाठवलेलं पत्र हे सगळं आता पडद्यावरच येतं. घरातला सगळ्यांत मोठा पडदा हॉलमध्ये असतो आणि तो बनवणाऱ्यांची अजून समजूत अशी, की आपण त्याच्यासमोर फक्त तोंड उघडं टाकून बसतो. "मग कॉम्प्युटरचा मोठा मॉनिटर घ्या," हा दुसरा सल्ला. विचारून बघितलं. त्रेचाळीस इंची मॉनिटरची किंमत ऐकून भाच्यालाच पाणी द्यावं लागलं.

शेवटी आमच्या गल्लीतल्या छोट्या दुकानात गेलो. तिथे एसी नव्हता, पण मालक स्वतः होते. म्हणाले, "लावा की काय लावायचं ते. नाहीतरी गिऱ्हाईक नाहीच." बत्तीस इंची एचडी रेडीवर पहिला कागद लावला. मालकांनी तीन फुटांवरून मोठ्याने वाचलं, "भाडे. भाडे. दगा, दगा."

"पहिलं 'भांडे' आहे," ही म्हणाली.

"संदर्भावरून कळतं हो, वहिनी."

"यादीला संदर्भ नसतो."

साडेदहा लाखांच्या जागेत वीस लाखांचं चित्र दाटीवाटीने बसवताना टिंब शिरोरेघेत विरघळलं होतं. मग त्रेचाळीस इंची फुल एचडी लावला. तिथे भलतीच गंमत. कागदाची चारी बाजूंनी काठ कापलेली! कॉम्प्युटरचं खालच्या कोपऱ्यातलं स्टार्टचं बटण पडद्याबाहेर कुठेतरी मालकांच्या कॅलेंडरवर गेलं असावं. भाच्याने सांगितलं, की जुन्या काचेच्या नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा धड यायच्या नाहीत, म्हणून चित्र थोडं मोठं करून कडा लपवायची रीत पडली. नळी गेली, सपाट पडदे आले, पण पुष्कळ टीव्ही अजून सवयीने कडा कापतात. घरातल्या सासूबाई गेल्यावरही डोक्यावरचा पदर सावरावा, तसं. अक्षरांच्या भोवती एक पांढरी किनारही दिसत होती. ती 'शार्पनेस'ची, पोपटाच्या पिसांसाठी चढवलेली. लाल अक्षरं तर पुसल्यासारखी फरफटली होती. त्याचंही कारण आहे. सिनेमा असो की मालिका, चित्र पाठवताना उजेड-अंधाराचा तपशील पुरता पाठवतात आणि रंगाचा चौथाई, कारण माणसाच्या डोळ्याला रंगातली काटकसर सहसा कळत नाही. चेहऱ्यावर कळत नाही, पोपटावर कळत नाही; अक्षरावर कळते. लॅपटॉप बिचारा रंग पुरता पाठवत असतो, पण टीव्ही त्यालाही सिनेमा समजतो आणि स्वतःच काटकसर करतो.

मी म्हटलं, झालं, परत जाऊ. पण भाचा रिमोट घेऊन मेनूत शिरला. मेनूतून उपमेनू, त्यातून आणखी एक, मग 'ॲडव्हान्स्ड'. आमच्या माजघरातल्या कपाटाला असा एक चोरकप्पा होता. त्यात आजी आजोबांपासून लाडू लपवायची. तिथे कडा कापणं बंद करायची सोय सापडली. शार्पनेस खाली आणला. आणि शेवटचा चमत्कार असा, की ज्या भोकात केबल घातली होती त्या भोकाचं नाव बदलून 'पीसी' ठेवल्याबरोबर लाल अक्षरं धुतल्यासारखी स्वच्छ झाली! सगळ्याच संचांत नाव बदलून हे होत नाही. काहींत वेगळं बटण असतं, काहींत नसतंच. मी भाच्याला म्हटलं, "म्हणजे याला सगळं येतं होतं?" तो म्हणाला, "हो मामा, फक्त त्याला सांगायला लागतं, की हा पोपट नाही."

चोरकप्प्यात लाडू ठेवणाऱ्या आजीचा हेतू तरी समजतो. कंपनीचा काय हेतू? अक्षर स्वच्छ दाखवण्याची विद्या संचात आहे, ती विकत घेणाऱ्याने पैसे देऊन घेतलेली आहे, आणि ती कुठे आहे हे सांगणारं एक पान संचाबरोबर ठेवता येत नाही? खोक्यात सतरा भाषांतला एक कागद निघाला. त्यात टीव्ही आंघोळीच्या टबात ठेवू नये, असं लिहिलं होतं.

शेवटी हिने फोर-केही लावून बघितला, माझ्या हिशेबाच्या नाकावर टिच्चून. आणि तीन फुटांवरून, मला कबूल करावं लागतं, फरक दिसला. फुल एचडीवर अनुस्वार चौकोनी होता, फोर-केवर गोल. अकरा फुटांवरच्या मेहुण्यांना ज्याचा काडीइतका उपयोग नाही, ते फोर-के तीन फुटांवर बसून वाचणाऱ्या बाईच्या एका डोळ्याला खरोखर उपयोगी आहे. हे जगातल्या एकाही विक्रेत्याने आम्हांला सांगितलं नाही. आमच्या जुन्या कॉम्प्युटरला मात्र एवढं मोठं चित्र सेकंदाला तीसदाच पाठवता येतं, त्यामुळे माउसचा बाण लंगडत चालतो. ही म्हणते, "चालू दे. मलाही कुठे धावायचंय?" सोन्याचा मुलामा दिलेली दोन हजारांची केबल मालक दाखवत होते. ती घेतली नाही. केबलमधून आकडे जातात. ते एक तर पोचतात, नाहीतर पोचत नाहीत. सोन्याने अक्षराला बाळसं येत नाही.

टीव्ही घरी आला. आल्या आल्या त्याने आपल्याला काय काय बघू द्यायला तुमची हरकत नाही ना, अशी पाच पानं पुढे केली. आपण टीव्ही बघतो तसा टीव्हीही आपल्याला बघतो. अमेरिकेत २०१७ साली एका टीव्ही कंपनीला, लोक काय बघतात हे त्यांच्या नकळत टिपल्याबद्दल बावीस लाख डॉलर भरावे लागले होते. भाच्याने पाचही पानांवर 'नाही' दाबलं. आवाजाचं विचारू नका. संच इतका सडपातळ, की आवाजाला बसायला जागाच नाही. तो पाठीमागे भिंतीला काहीतरी कुजबुजतो. त्यावर उपाय म्हणून आवाजाची वेगळी लांबट पेटी विकत मिळते. म्हणजे सदरा शिवून घ्या, बाह्यांचं बिल निराळं.

आता आमच्या हॉलमध्ये सोफा ओस पडला आहे आणि टीव्हीसमोर तीन फुटांवर हिची खुर्ची. सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत पडद्यावर दोन-दोन बोटं उंचीची अक्षरं असतात. क्रिकेट मी मोबाईलवर बघतो, गॅलरीत उभा राहून. एक अडचण फक्त लक्षात आली नव्हती. आमच्या हॉलची खिडकी मोठी आहे आणि समोरची इमारत जवळ आहे. काल हिने हा लेख प्रुफासाठी पडद्यावर लावला, दिवे गेले होते ते आले, पडदे ओढायचे राहिले. आज सकाळी दुधाच्या रांगेत समोरच्या दुसऱ्या मजल्यावरचे गृहस्थ भेटले. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर त्यांनी हळूच विचारलं,

"मेहुण्यांनी वाचला का हो?"